शून्य सावलीचे दिवस : पेण-रोह्याच्या उन्हाचा आणि भाजलेल्या कातडीचा इतिहास

१/ मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास पेण आणि रोह्यात असा एक दिवस येतो, जेव्हा भर दुपारी सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पेण साधारण १८.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. उत्तरेकडे सरकणारा सूर्य त्या दिवशी बरोबर माथ्यावर येतो. खगोलप्रेमी याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात आणि अंगणात काठ्या रोवून छायाचित्रे काढतात. नेमक्या याच दिवसांत खाडीकाठच्या मिठागरांत मिठाचा हंगाम ऐन भरात असे. उन्हाने भाजलेली कातडी आणि तिला निववण्यासाठी घराघरांत केले जाणारे उपाय, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने सनदा, लढाया, महसूल सोडून हे काय काढले, असे कोणाला वाटेल. पण घरगुती उपाय ही लहान गोष्ट नव्हे. कोणाची भाजलेली पाठ जखम मानली गेली आणि कोणाची नुसता ‘रंग’, कोणासाठी चंदन उगाळले गेले आणि कोणाला सवय करून घ्यायला सांगितले गेले, हे त्यातून कळते. माझे म्हणणे एवढेच आहे, की उन्हाच्या उपचाराचा इतिहास हा औषधांइतकाच सावलीच्या वाटपाचा इतिहास आहे.

३/ आधी भाषा पाहू. मराठीत उन्हासाठी क्रियापदांची वाण नाही. ऊन ‘लागते’, पीक ‘करपते’, माणूस ‘होरपळतो’, अंगाची ‘लाही लाही’ होते, चेहरा ‘काळवंडतो’. आणि कष्टकऱ्याची कातडी ‘रापते’. या शेवटच्या शब्दाकडे जरा थांबून पाहा. भाजणे म्हणजे इजा, तिला उपचार लागतो. रापणे म्हणजे जणू पूर्ण झालेली प्रक्रिया. लाकूड रापते, भांडे रापते, तसा माणूसही. वाड्यातल्या मुलीचे गाल उन्हाने ‘भाजतात’, मिठागरावरच्या बाईची पाठ ‘रापलेली’ असते. जखम तीच, पण एका शब्दात वेदना आहे आणि दुसऱ्यात नाही.

४/ आता ही जखम म्हणजे काय, ते पाहू. पुष्कळ काळ समज असा होता, की ऊन कातडीला भाजते ते उष्णतेमुळे, विस्तवाप्रमाणेच. १८०१ मध्ये योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने जांभळ्या रंगापलीकडचे अदृश्य किरण शोधले. त्यांनाच आपण अतिनील किरण म्हणतो. पुढे १८२० मध्ये एव्हरार्ड होम या इंग्रज शल्यवैद्याने स्वतःच्या हातांवर साधा प्रयोग केला. एक हात उघडा आणि दुसरा काळ्या कापडाखाली ठेवून दोन्ही उन्हात धरले. कापडाखाली तापमापक जास्त उष्णता दाखवत होता, तरी भाजला तो उघडा हात. म्हणजे दोष केवळ उष्णतेचा नव्हता.

५/ होमचा निष्कर्ष असा, की कातडीतला काळा रंग उन्हापासून संरक्षण करतो. हे खरे आहे, पण अर्धेच. मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणांचा काही भाग अडवते. सगळा अडवत नाही. सावळी कातडीही भाजते, फक्त तिच्यावरची लाली चटकन दिसत नाही. दिसते ती हुळहुळ, घट्टपणा, गरमपणा आणि काही दिवसांनी निघणारी साल. ‘त्यांना ऊन लागत नाही, सवय असते’ हे वाक्य आपण आजही ऐकतो. न दिसणारी लाली आणि न जाणवणारी वेदना यांत गल्लत करणारे ते वाक्य आहे.

६/ आता मिठागरावर चला. पेणचा पश्चिमेकडचा भाग खाडीकाठचा, खारेपाटाचा. येथे उधाणाच्या भरतीचे पाणी बांध घालून आत घेतात. ते उथळ कप्प्यांतून फिरवत फिरवत उन्हावर दाट करतात आणि शेवटी चोपून घट्ट केलेल्या वाफ्यांत सोडतात. पाणी आटते, तळाशी खडे धरतात, ते फावड्याने ओढून काठावर ढीग लावतात. इंधन एकच, ऊन. त्यामुळे जे ऊन मिठाला हवे, तेच माणसाच्या पाठीवर. शिवाय पांढरे मीठ आणि चकाकते पाणी प्रकाशाचा काही भाग परतवतात, म्हणून हनुवटीखाली आणि पदराच्या आडोशालाही ऊन पोहोचते. डोक्यावर रुमाल बांधला तरी खालून येणाऱ्या उन्हाला तो अडवत नाही.

७/ हे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने आगरी समाजाने केले. ‘आगर’ या शब्दाशीच त्या नावाचे नाते सांगितले जाते. १८३७ मध्ये कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातल्या मिठावर मणामागे आठ आणे अबकारी बसवली. १८८२ च्या कायद्याने मिठावरचा सरकारी ताबा आणखी पक्का झाला. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळच्या सरकारी कागदांत मिठाचे मण सापडतात, कराचे रुपये सापडतात, जातींची वर्णने सापडतात. पण रात्री कुशीवर वळता न येणाऱ्या पाठीसाठी कराच्या वहीत रकाना नसतो. तो इतिहास दुसरीकडे शोधावा लागतो.

८/ ग्रंथांत शोधू. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त ऋतुचर्येचा अध्याय आहे. ग्रीष्मात काय करावे? उंच वृक्षांच्या गर्द वनात, पाणी शिंपडलेल्या गार घरात राहावे, अंगाला चंदनाची उटी लावावी, रात्री चांदण्यात गच्चीवर निजावे. काय टाळावे? खारट, तिखट, आंबट, श्रम आणि ऊन. ही यादी मिठागराच्या बांधावर उभे राहून वाचून पाहा. खारट हवा, खारट पाणी, दिवसभराचे श्रम आणि माथ्यावरचा सूर्य. ग्रंथ जे जे टाळायला सांगतो, त्याच सर्वांनी मिठागरावरच्या माणसाचा ग्रीष्म बनतो. सल्ला चुकीचा नाही. तो ज्याच्या घरी पाळता येईल अशा माणसासाठी लिहिलेला आहे.

९/ सुश्रुतसंहितेतले विवेचन मात्र अधिक नेमके आहे. सूत्रस्थानात अग्निकर्माच्या अध्यायात भाजण्याचे चार प्रकार दिले आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. अग्नीने हलके भाजले असता तिथे चक्क शेक सांगितला आहे. आजचे प्रथमोपचार तो मान्य करणार नाहीत. पण त्याच अध्यायात उन्हाने आणि उष्ण वाऱ्याने होरपळलेल्यांचा वेगळा विचार आहे आणि त्यांच्यासाठी नेहमी शीत उपचारच करावा असे म्हटले आहे. विस्तवाचे भाजणे आणि उन्हाचे भाजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रिटर आणि होम यांच्या कितीतरी शतके आधी उपचाराच्या पातळीवर कोणाच्या तरी लक्षात आले होते.

१०/ आयुर्वेदातला आणखी एक उपाय म्हणजे शतधौत घृत. तूप पाण्यात शंभर वेळा फेटून, दर वेळी पाणी बदलून केलेला पांढराशुभ्र, लोण्यासारखा मऊ लेप. वारंवार फेटल्याने पाण्याचे सूक्ष्म थेंब तुपात अडकतात. अंगावर लावल्यावर ते पाणी उडते आणि गारवा वाटतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात गॅलेन नावाचा वैद्य मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून असाच गार लेप करी. आजच्या कोल्ड क्रीमचे मूळ त्यात सांगतात. दोन दूरच्या परंपरा एकाच युक्तीपाशी आल्या. पण शंभर वेळा धुवायला तूप हवे आणि वेळही हवा. रोजंदारीवरच्या घरात दोन्हींची चणचण.

११/ वाड्यांतल्या माजघरात सहाण असे. तिच्यावर चंदनाचे खोड उगाळून कपाळाला, गालांना, हातांना उटी लावत. वाळा घातलेले पाणी, गुलकंद, सब्जा असा गारव्याचा सारा सरंजाम असे. पण चंदन हे पेण-रोह्याच्या रानातले झाड नव्हे. ते मुख्यतः दक्षिणेतून बाजारात येई. म्हैसूर राज्यात तर ते राजसत्तेच्या मालकीचे झाड ठरले होते. म्हणजे कपाळावरच्या त्या गार पट्ट्यामागे लांबचा व्यापार आणि पैसा होता. देवघरात आणि रूपात चंदनाला जे स्थान आहे, त्याचे एक कारण त्याच्या सुगंधात आहे आणि दुसरे त्याच्या किमतीत.

१२/ खाडीकाठच्या घरात काय असे? ओले फडके. माठाचे पाणी. मीठ घातलेली तांदळाची पेज, जी घामातून गेलेले पाणी आणि क्षार दोन्ही परत देते. ताडगोळ्याची कोवळी साल आणि त्यातले पाणी, जे घामोळ्यांवर चोळायची रीत कोकणात आजही आहे. तांदळाचे धुवण. परसातली कोरफड. जळजळ शमली की खोबरेल तेल. यातली एकही वस्तू दुरून आणावी लागत नाही. ग्रंथात नोंद होण्यासारखी ऐटही यांत नाही. ही विद्या सासूकडून सुनेकडे तोंडी गेली. तिला ‘औषध’ म्हणण्याचीही कोणाला गरज भासली नाही.

१३/ रोह्याकडे वळलो की खाडी मागे पडते आणि कुंडलिकेच्या खोऱ्यातून सह्याद्रीचे उतार सुरू होतात. हा कोकमाच्या झाडाचा प्रदेश. फळाच्या सालीचे आमसूल होते. त्याचे पाणी पितात, पित्त उठले तर अंगालाही लावतात. बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर चरबी तरंगते. ती गोळा करून थिजवली की कोकमतेलाचा घट्ट पांढरट गोळा होतो. तो साध्या हवेत घट्ट राहतो आणि अंगाच्या उबेने वितळू लागतो; भेगाळलेल्या टाचांना, फुटलेल्या ओठांना आणि साल निघालेल्या कातडीला म्हणूनच सोयीचा. विल्यम डायमॉक यांनी १८८० च्या दशकात पश्चिम भारतातल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्यात या तेलाचीही दखल आहे. घरातल्या बायकांची विद्या अशी क्वचित छापील पानावर येते, तेव्हा वनस्पतीचे लॅटिन नाव आठवणीने दिले जाते. सांगणाऱ्या बाईचे नाव कुठे नसते.

१४/ याच डोंगरांत कातकरी वाड्या आहेत. खैराच्या गाभ्यापासून काथ काढणारे म्हणून कातकरी, अशी त्या नावाची व्युत्पत्ती सांगतात. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगलावर सरकारचा हक्क बळकट झाला आणि खैर तोडून जगणे अवघड होत गेले. जंगल गेले म्हणजे धंदा तर गेलाच. झाडांची सावलीही गेली. कोळशाच्या आणि पुढे विटांच्या भट्ट्यांवर जे लोक गेले, ते सावलीतून उन्हात आलेले लोक होते. उन्हाने भाजणे निसर्गाचा भाग वाटते खरे, पण कोण किती वेळ उन्हात उभे राहणार हे बहुधा कायदा आणि कर्ज ठरवतात.

१५/ त्याच काळात उन्हाची सर्वांत जास्त भीती वाहिली ती गोऱ्या अधिकाऱ्यांनी. शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याची टोपी, म्हणजे सोला टोपी, ही त्यांची ओळखच बनली. पाठीच्या कण्याला ऊन लागू नये म्हणून कापसाची जाड पट्टी बांधायचीही पद्धत होती. भारतातले ऊन युरोपीय मेंदूला घातक आहे, ही समजूत इतकी घट्ट होती, की दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती टोपी टिकली. मग साध्या टोप्या घालून लढणाऱ्या सैनिकांना काही होत नाही असे दिसले आणि भीती ओसरली. एकाच उन्हात एका कातडीसाठी सरकारी पोशाख ठरत होता आणि दुसरीसाठी ‘सवय’.

१६/ आता थोडे स्वतःविषयी. गेल्या वर्षी मे महिन्यात मी पेण तालुक्यातल्या एका जुन्या मिठागराच्या बांधावर नकाशे आणि वही घेऊन अर्धा दिवस हिंडलो. ढगाळ वाटले म्हणून टोपी घेतली नव्हती. संध्याकाळी मानेला नुसती ऊब वाटत होती. रात्री मान पेटली. उन्हाचे भाजणे असेच उशिरा कळते. लाली काही तासांनी येते आणि त्रास साधारण १२ ते २४ तासांत शिगेला पोहोचतो. मी मोबाईलवर पाहिलेला उपाय केला, लिंबाचा रस आणि हळद. सकाळी तसाच उन्हात बाहेर पडलो. दुपारपर्यंत मानेवर फोड आले.

१७/ ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या काकींनी तरुणपणी मिठागरावर काम केले होते. त्यांनी मान पाहिली आणि म्हणाल्या, “जललेलं हाय ना, मंग त्याला पानी दे.” ओले फडके ठेवले, ते तापले की बदलले, प्यायला कोकमाचे सरबत दिले, आणि तेल आज नको म्हणाल्या. मी वहीत उपाय लिहून घेऊ लागलो तेव्हा त्या हसल्या. त्यांच्या मते खरा उपाय लावायचा नव्हताच. पहाटे काळोखात कामाला लागायचे, ऊन चढायच्या आत घरी यायचे, उरलेले ऊन कलल्यावर. “पन मुकादम बोलला थांब, तं थांबावं लागं.” त्या एका वाक्यात माझ्या प्रबंधाचे अर्धे प्रकरण होते.

१८/ लिंबाने काय बिघडले? कागदी लिंबाच्या रसात आणि सालीत असे पदार्थ असतात, जे अतिनील किरणांशी मिळून कातडी भाजतात. फोड येतात आणि काळे डाग कित्येक आठवडे राहतात. मुळात हा लेप भाजण्यावरचा नव्हे. तो रंग उजळवण्याच्या हव्यासातून आलेला आहे. आपल्याकडे ‘उन्हावरचा घरगुती उपाय’ म्हणून जे फिरते, त्यातले पुष्कळसे जखम बरी करण्यासाठी नसून रापलेपण पुसण्यासाठी असते. कष्टकऱ्याच्या रंगाची लाज वाटणारा समाज कातडी निववत नाही, तिला घासतो.

१९/ म्हणून थोडे उपयोगाचे. ऊन लागून कातडी भाजली तर आधी सावलीत या. गार पाण्याने अंघोळ करा किंवा १० ते १५ मिनिटे ओले फडके ठेवा, दिवसातून अनेकदा. बर्फ थेट लावू नका. कातडी ओलसर असतानाच कोरफडीचा गर किंवा साधे, वास नसलेले मलम हलक्या हाताने लावा, कॅलामाइनही चालते. भाजल्या भाजल्या तूप-तेल थापू नका, ते उष्णता कोंडते. कोकमतेल आणि खोबरेल नंतरच्या कोरड्या, साल निघणाऱ्या दिवसांसाठी. लिंबू, टूथपेस्ट, खरखरीत उटणी नकोत. फोड फोडू नका. पाणी, पेज, सरबत भरपूर घ्या. मोठे फोड, ताप, थंडी वाजणे, उलट्या, गरगरणे अशी लक्षणे असतील किंवा लहान बाळ असेल, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. पुढचे काही दिवस तो भाग झाकून ठेवा. ओले, विरळ सुती कापड गारवा देते, पण किरण कमी अडवते.

२०/ या यादीत काकींच्या घरात नव्हते असे फार थोडे आहे. सुश्रुताचा शीत उपचार, शतधौत घृतामागची पाण्याची युक्ती आणि आगरी घरातले ओले फडके एकच गोष्ट सांगतात. ज्ञानाची कमतरता कधीच नव्हती. कमतरता होती ती दुपारी घरी येण्याच्या मुभेची.

२१/ आज पेण परिसरातली अनेक मिठागरे बंद पडली आहेत. पण दिवाळीनंतर रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शून्य सावलीचा दिवस ती तिथेच काढतात. पुढच्या मे महिन्यात तुम्ही काठी रोवून छायाचित्र काढाल, तेव्हा त्या वेळी कोण उघड्यावर काम करत आहे तेही पाहा. आणि घरी एखादी आजी असेल, तर भाजल्यावर त्यांच्याकडे काय लावत हे विचाराच. पण सोबत हेही विचारा, की त्या दुपारी तिला सावलीत बसू दिले होते का. पहिले उत्तर उपायांचे आहे. दुसऱ्या उत्तरात इतिहास आहे. दोन्ही लिहून ठेवा.